वरच्या माळावरची चुकामूक

उधना, सुरत
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

ती. ललितदादा आणि तारावहिनी,
चंचलचा नमस्कार.

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पाकीट बाजूला ठेवशील. ठेव, पण फाडू नकोस. फोन करणार होते. पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी खोटं बोलले असते.

इकडे सगळे ठीक. ह्यांची पलसाण्याच्या मिलमध्ये या महिन्यात सकाळची पाळी आहे. साड्यांवर टिकल्या लावायचं माझं काम दिवाळीमुळे वाढलंय, बोटांचा डिंक निघत नाही. ऋचा दहावीला गेली. ती नानांशी अर्धं गुजराती बोलते, नाना तिला अहिराणीत उत्तर देतात, आणि दोघांचं छान चालतं. नाना जेवतात. त्यांच्या पायाची जखम भरत आली आहे.

पायाला काय झालं ते सांगते. २७ तारखेला, शनिवारी, मी त्यांना वरच्या माळावर घेऊन गेले होते.

हो, तोच माळ. तोरणमाळच्याही पलीकडचा, जिथे नाना नऊ वर्षं फॉरेस्ट गार्ड होते आणि जिथे आईने आपल्याला कधी जाऊ दिलं नाही. पावसाळा लागल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं. पिशवीत टॉवेल आणि बॅटरी भरायची, ओट्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, वर जाणारी जीप किती वाजता आहे? गल्लीतले लोक आधी हसायचे, मग तेही थकले. तीनदा दार उघडून गेले. एकदा रेल्वे फाटकाजवळ सापडले. मला वाटलं, एकदा दाखवून आणू, मन शांत होईल. कदाचित मलाच कुठेतरी जायचं होतं. आता काहीच नक्की सांगता येत नाही.

उधन्याहून गाडीने नंदुरबार, तिथून एसटीने शहादा. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर आम्ही जीपची वाट बघत अर्धा तास उभे होतो. नाना तुझ्या गल्लीकडे बघत होते. मी त्यांचं तोंड दुसरीकडे वळवलं. हेही लिहून टाकते.

वर जीप थांबते तिथे सुंदराबाईची चहाची टपरी आहे. तिचा नवरा नानांच्या हाताखाली वणवे विझवायला असायचा. तिने नानांना बघितलं आणि हातातली किटली खाली ठेवली. "गार्डसाहेब!" म्हणाली. नाना ताठ उभे राहिले. रात्री तिच्याकडेच राहिलो आणि सकाळी दोघंच माळावर निघालो.

दादा, तो माळ कसा आहे हे मला धड सांगता येणार नाही. झाड नाही. कमरेएवढं गवत, मधे मधे काळा कातळ, आणि खाली जमीन अशी की पाय ठेवला की पाणी वर येतं. सोनकीची पिवळी फुलं लांबवर पसरलेली. कुठूनही बघितलं तरी सारखंच. मला पुढचं-मागचं कळेना आणि नाना मात्र सुटल्यासारखे चालत होते. हा झरा मेमध्ये आटतो. इथे तडसाची गुहा होती. ही जाळरेष, इथलं गवत आम्ही आधीच जाळून टाकायचो म्हणजे वणवा पुढे सरकत नाही. सगळं बरोबर, एक शब्द चुकला नाही. घरी ज्यांना मोरी कुठे ते आठवत नाही, ते हेच का? मी आनंदाने रडले. वाटलं, डॉक्टरलाच काही कळलं नाही.

तासाभराने त्यांच्या चौकीचा चौथरा सापडला. तिथे बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. मग धुकं आलं आणि आमची चुकामूक झाली. मी खूप शोधलं, सुंदराबाईला बोलावून आणलं, आणि दुपारी ते सापडले. पायाला दगड लागला होता, एवढंच. शहाद्यालाच टाके घातले.

ह्यांना मी असंच सांगितलं आहे. ऋचालाही. इथवर लिहून काल कागद घडी करून ठेवला होता. पाकिटावर तुझा पत्ताही लिहून झाला होता.

आज परत उघडलाय. चुकामूक झाली नाही, दादा.

दशमी खाता खाता नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

मी म्हटलं, "नाना, मी चंचल."

ते हसले. म्हणाले, "चंचल सुरतला असते. तिला सांगू नका हं मी इथे आलोय. ती फार ओरडते. आमची तारा कुठे आहे? ती भात मऊ कालवून देते."

रागाने म्हणाले असते तर चाललं असतं. पण किती विश्वासाने सांगत होते! परक्या बाईला आपलं गुपित सांगावं तसं. दोन वर्षं मी त्यांचं सगळं केलं, दादा. सगळं म्हणजे काय ते वहिनीला विचार. आणि मी ओरडते, हेही खरं आहे.

मी उठले. त्यांना म्हटलं, "बसा इथेच." आणि चालायला लागले.

पाणी आणायला नाही. वाट बघायलाही नाही. मी त्यांना सोडून निघाले होते. तेव्हा धुकं नव्हतं, चांगलं ऊन होतं. मागे वळले असते तर त्यांचा पांढरा सदरा दिसला असता. म्हणूनच वळले नाही. दहा मिनिटं चालले की वीस, माहीत नाही. खाली जीपचा रस्ता दिसला. मनात एवढंच होतं की जीपमध्ये बसायचं. पुढचं काही नव्हतं. आणि हलकं वाटत होतं. हे लिहायलाच हे पत्र लिहायला घेतलं. मला फार हलकं वाटत होतं.

मग का थांबले? तेही कळत नाही. बापाची माया दाटून आली म्हणावं तर तसं काही झालं नाही. चपलेत खडा गेला म्हणून वाकले, आणि उठले तेव्हा पाय दुसरीकडे वळले होते. तोवर खरंच धुकं आलं. चौथराही दिसेना. "नाना, नाना" करत दोन तास फिरले. गवतात दोनदा पडले. कुठूनही उत्तर नाही. शेवटी कशीतरी टपरीवर पोचले.

सुंदराबाईने विचारलं, "कुठे सोडलं त्यांना?"

तिने साधंच विचारलं होतं. मी म्हटलं, "हात सुटला."

तिने टपरीवरची दोन माणसं घेतली आणि माळावर जाऊन हाक मारली, "गार्डसाहेब!" तिसऱ्या हाकेला नानांचा आवाज आला, "ओ! मी आठेच शे!" इथेच होते म्हणे, सगळा वेळ.

ते जाळरेषेने चालत शेवटाला गेले होते. पुढे पंधरा पावलांवर कडा तुटलेला आहे. एका पायात चप्पल नव्हती, रक्त येत होतं, आणि ते खाली बसून गवताची काडी चावत होते. मला बघून म्हणाले, "काय माय, दमलीस?" ओळखून म्हणाले की सुंदराबाई मला 'माय' म्हणत होती ते ऐकून, देव जाणे. मी सोडून गेले होते हे त्यांना कळलं की नाही, तेही कधी कळणार नाही. जीपमध्ये मात्र त्यांनी माझं बोट धरून ठेवलं होतं.

आता तुझ्याविषयी. दोन वर्षांपूर्वी नाना तुझ्या घरून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी प्रकाशा गावच्या, तापीवरच्या पुलावर सापडले, तेव्हा मी तुझ्या अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीसमोर म्हणाले होते, "तू मुद्दाम दार उघडं ठेवलंस." वहिनी रडली. तू काहीच बोलला नाहीस. मला वाटलं, गुन्हेगार आहे म्हणून गप्प आहे, आणि मी नानांना सुरतला घेऊन आले. आता रोज तुझा तो चेहरा दिसतो. तुझ्यावर अन्याय झाला होता, की तू कधीतरी क्षणभर तसं काही मनात आणलं होतंस आणि मी नेमकं तेच बोलले? दादा, मी आता आरोप करत नाही. मला माहीत करून घ्यायचंय. तुझ्या मनात असं कधीच आलं नसेल तर मी कोण आहे ते मला बघावं लागेल. आणि आलं असेल तर मला एकटीला हे घेऊन राहावं लागणार नाही.

अंगणात बोलले त्याची माफी मागते. वहिनीची आधी.

नानांना घेऊन जा असं म्हणत नाही. पण ते एकट्या माझ्या भरवशावर असू नयेत असं मला वाटतं. दिवाळीला या. राहायला जागा लहान आहे, पण या. आलात तर ह्यांना मी तुमच्यादेखत खरं सांगेन. नाही आलात तरी सांगेन, फक्त जास्त वेळ लागेल.

नाना इथेच शेजारी झोपलेत. दाराला कडी आहे. ती माझ्या हातात आहे याचीच आता मला भीती वाटते.

तुझी, त्या दिवशी नेमकी का परत फिरली ते अजून न कळलेली,
चंचल