पोलक्याची बटणं

॥ श्री ॥
भांडुप, ता. ७ ऑक्टोबर १९५६

ती. वनमालामावशीस,
नलिनीचा शि. सा. न. वि. वि.

गुणाजीकाकांबरोबर पाठवलेली सुकट पोचली. बाबांनी पहिल्याच दिवशी अर्धी संपवली, आणि वर म्हणाले की मेव्हणीने हात आखडता घेतला.

आईला इस्पितळात विजेचे शेक सुरू झाले आहेत. छातीचं ऑपरेशन झालं तरी कॅन्सर पुन्हा उठू नये म्हणून हे शेक. पण आता पेच पडला आहे. तिच्या बोटांच्या संधिवातावर जी गोळी चालू आहे, तिने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि शेकानेही होतात. डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकदम रक्ताला झेपणार नाही, एक काहीतरी सोडा. गोळीऐवजी ॲस्पिरिन देऊन पाहिली, तर पोटातून रक्त पडलं. काहीच दिलं नाही तर बोटं अशी आखडतात की वाटीसुद्धा धरवत नाही.

बाबांना विचारलं तर म्हणतात, तू शाळा शिकलंस मा, तूच काय ता ठरव. घरात शिकलेली मी पहिली, म्हणून डॉक्टरही माझ्याकडेच बघून बोलतात. मावशी, मी मुलांना पाढे शिकवते गं, हे मला कुठे येतं? शेवटी दुखणं सोसता येईल, कॅन्सर सोसता येणार नाही असं ठरवून गोळ्यांची बाटली मी माझ्या ट्रंकेत ठेवली.

तेव्हापासून आई बोलत नाही. भरवते ते खाते. सकाळी मात्र न्हाणीत गेली की कडी लावते आणि कितीतरी वेळ बाहेर येत नाही. परवा घाबरून दार ठोठावलं, तर तिने मला शिवी दिली. आजवर कधी दिली नव्हती. दुखण्यापायी माणूस इतकं बदलतं का? माझं चुकत असेल तर स्पष्ट लिही.

तुझ्या मायेची आस असलेली,
नलिनी

॥ श्री ॥
मालवण, ता. १५ ऑक्टोबर १९५६

चि. नलिनीस अ. उ. आ.

हे पत्र पोस्टमास्तरांकडून लिहवून घेण्यासारखं नाही, म्हणून शाळेच्या बाईंच्या घरी येऊन बसले आहे. मी बोलते तसं लिहा म्हटलं, तर बाई सगळं सरळ करून लिहितात. तू परत वाकडं करून वाच.

दुखणं सोसत नाही, आणि तुझ्या आईला, माझ्या जानकीला? तुझ्या वेळी कळा येत असताना तिने उरलेल्या भाकऱ्या थापल्या आणि मग सुईणीला बोलावणं धाडलं. गोळी तिला दुखण्यासाठी नको आहे गो बाय. ऑपरेशननंतर मी तिकडे होते, तेव्हा तू शाळेत गेलीस की ती बोलायची. म्हणाली, कापलं ते कापलं, पण ती जागा मी कोणाला दाखवणार नाही. घोवाला नाही, लेकीलाही नाही. बोटं चालतात तोवर पोलक्याची बटणं माझी मी लावीन. कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. ती आज मोडली. न्हाणीत ती काय करते ते आता कळलं?

डॉक्टरला विचारलंस, बापाला विचारलंस, मला इतक्या लांब विचारलंस. तिला विचारलंस काय?

तुला जवळ घेऊन बसावं असं वाटणारी,
मावशी

॥ श्री ॥
भांडुप, ता. २८ ऑक्टोबर १९५६

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू कळवलंस हे आईला सांगितलं. ती तुझ्यावर चिडली. मी म्हटलं, शेक संपेपर्यंत मी डोळे मिटून बटणं लावीन. तशी कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, डोळे मिटलंस तरी तुझी बोटां बघतली मा.

मग मी सगळं सांगितलं. गोळी घेतली तर शेक बंद, आणि शेक बंद केले तर कॅन्सर उठण्याची भीती जास्त. गोळीचा धोका आहे तो आहेच. तिने एकच विचारलं, शेक पुरे केले तर तो नक्की जाईल काय? मी डॉक्टरांना विचारून आले. काखेतही पसरला होता, नक्की कोणीच सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. तिला खोटं सांगावंसं फार वाटलं. सांगितलं नाही. तिने बाटली मागितली.

मी रडले, भांडले, बाबांना मध्ये घातलं. ते नुसते ओसरीवर जाऊन बसले. इस्पितळात तिनेच सांगितलं, शेक नकोत. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, समजावा यांना. तिला समजलं आहे, एवढंच मला बोलता आलं. आता गोळी थोडी, पोटात अन्न असताना, आणि मधूनमधून रक्ताची तपासणी.

मला हे अजून पटलेलं नाही मावशी. तुला खोटं का लिहू?

आज सकाळी ती न्हाणीतून लवकर बाहेर आली. एक बटण खालच्या काजात गेलं होतं, त्यामुळे पोलक्याचा गळा तिरका दिसत होता. माझा हात पुढे झाला होता. तो मागे घेतला आणि तिला चहा दिला. कपबशी तिने आपल्या हाताने धरली.

दिवाळीनंतर येते म्हणाली होतीस. आधीच्या बोटीने ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नलिनी