दार फक्त एकदा उघडलं

३ मार्च, सोमवार, सकाळ
लॅबमध्ये जिवंत पेशी मोजायचं मशीन आलं. मी घाबरलेलो नाही. पोटात गोळा आलाय तो रिकाम्या पोटी चहा घेतल्यामुळे. एकोणीस वर्षं मी डोळ्यांनी मोजतोय. निळा रंग टाकायचा, मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत चकचकीत राहतात, मग मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक मोजायची. या डबड्याला म्हणे रंगच लागत नाही. इनक्युबेटरच्या उबेत बसून नुसते फोटो काढतं आणि आकडा सांगतं. हॅ!

३ मार्च, दुपार
लॅबच्या मॅडमचा हुकूम. एकाच बॅचमधल्या निम्म्या पेशी मशीनच्या इनक्युबेटरमध्ये, निम्म्या माझ्या. दोन आठवडे दोघांचे आकडे बघणार. मशीन पास झालं तर मोजणी त्याच्याकडे आणि मी स्टोअरमध्ये, हातमोजे वाटायला. मी अगदी निश्चिंत आहे. संकल्प: मशीनकडे ढुंकूनही बघायचं नाही.

४ मार्च
मशीनच्या इनक्युबेटरचं दार फक्त एकदा उघडलं. नवीन वस्तू आहे, काही बिघडलं तर कळायला नको?
साडेअकरा. पुन्हा एकदा. छातीत धडधडतंय. जिने चढून आलो म्हणून.

५ मार्च, घरी
बायको चिडली. शिजत्या भाताचं झाकण सारखं काढू नका, वाफ जाते, म्हणे. मुलीने तिच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलाय: ‘बाबा, मी अभ्यासच करतेय.’ या घरात माणसाने काळजीही करायची नाही.

७ मार्च
माझ्या पेशी ९२ टक्के जिवंत. मशीन म्हणतं, त्याच्याकडे ८०. एकाच बॅचच्या पेशी! मशीनला मोजताच येत नाही!
तरी खात्री करायला दार उघडून बघितलं. चारदा. फार तर पाचदा.

११ मार्च
मी ९२. मशीन ६१. मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरबाईंचा चेहरा पडला. मी त्यांना धीर दिला, होतं असं. हात थरथरताहेत. आनंदाने.

१३ मार्च
इंजिनियरबाई म्हणाल्या, मशीनने दर पाच मिनिटांनी काढलेले सगळे फोटो जोडून उद्या सर्वांना फिल्म दाखवणार. दाखवा की! मला कसली भीती?
चार वाजता. फोटो फक्त पेशींचेच असतात ना? विचारायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

१४ मार्च, सकाळ
फिल्म झाली. पेशी छान पसरत होत्या. मग पडद्यावर धुकं. दार उघडलं की ऊब जाते आणि भिंगावर असं धुकं धरतं, इंजिनियरबाईंनी समजावलं. धुकं गेलं की पेशी आक्रसलेल्या. पुन्हा धुकं, जिवंत पेशींचा आलेख एक पायरी खाली. बाईंनी धुकं मोजून आणलं होतं: एक्केचाळीस वेळा. रविवारी एकदाही नाही. रविवारी मला सुट्टी.
सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडमनी विचारलं, का हो? मी म्हटलं, काळजी वाटत होती.
इथे तरी खरं लिहितो. पेशी मेल्या का, ते बघत होतो. पहिल्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली होती.

१४ मार्च, दुपार
मॅडमनी माझ्या पेशींची बाटली मागवली. मशीनखाली ठेवली. रंग नाही, काही नाही, मिनिटभरात आकडा: ९२. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकोणीस वर्षांत माझ्या मोजणीला टाळी मिळाली नव्हती. मी मान लववून आभार मानले. मग लक्षात आलं, सगळ्यांची तोंडं मशीनकडे होती.

१४ मार्च, संध्याकाळ
सोमवारपासून स्टोअर. घरी सांगितलं, डोकं दुखतंय. खोलीत येऊन पडलो, दार ओढून घेतलं.
मुलीने दार किलकिलं करून बघितलं. काय गं, म्हटलं, तर म्हणाली, काही नाही, सहज. थोड्या वेळाने परत आली. मग परत.
आत्ता चौथ्यांदा. मोजतोय.