आठ सेकंदांची शांतता

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (वाकून केला आहे, गुडघ्याने परवानगी दिली तेवढाच.)

"इतिहास काय, कुठे पळून जातोय? नंतर शिकेन." असं तू एकदा म्हणाली होतीस. एकोणतीस वर्षं झाली. तू दुसऱ्या वर्षाची पुस्तकं शिवणाच्या दोऱ्याने बांधत होतीस आणि मी दारात उभी राहून केस विंचरत होते. तुला ते वाक्य आठवत असेल असं वाटत नाही, कारण तशी शंभर वाक्यं तू दिवसाला बोलतेस. मला मात्र ते आठवतं, आणि आज मी जे निस्तरायला बसले आहे त्याचं मूळ तिथेच आहे, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

तुझी टाच कशी आहे? मशीन चालवताना मधून मधून उठत जा असं सांगितलं होतं, ते तू ऐकलं नसशील असं गृहीत धरूनच विचारते. शाळांचे गणवेश शिवून संपले का? आमच्याकडे सगळं ठीक. लोकांचे डोळे नेमाने बिघडत आहेत, त्यामुळे चष्म्याचं दुकान चालू आहे. हे मजेत आहेत आणि तुझी आठवण काढतात (म्हणजे तू शिवलेल्या पडद्यांची काढतात, पण ते तूच समजून घे).

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी "हो ना" म्हणते, ही आपली जुनी वाटणी आहे. तिच्यात मला काही कबूल करायला जागाच मिळत नाही.

तर पहिली कबुली. सकाळी सात ते अकरा मी एक कोर्स करते असं तुला सांगितलं होतं. तुला वाटलं कॉम्प्युटरचा. मी वाटू दिलं, वर एकदा तू विचारलंस तेव्हा "छापायला शिकले" असंही ठोकून दिलं. तो कॉम्प्युटरचा नाही. मी कॉलेजात नाव घातलं आहे, बी.ए.ला, आणि विषय इतिहास आहे. आता दुसरं वर्ष चालू आहे. शेहेचाळीस वर्षांची बाई शिकते याची मला लाज नाही वाटली. तुझा विषय तुला न विचारता उचलला याची वाटली. लहानपणी तुझी ओढणी घेऊन जायचे आणि गुपचूप घडी करून परत ठेवायचे, तसंच हेही तीन वर्षांनी घडी करून ठेवता येईल असं वाटलं असावं.

आणि ताई, इतिहास आता तुझ्या वेळचा राहिलेला नाही. तेव्हा प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक असे तीन कप्पे होते आणि तिन्हींत राजे मरायचे. आता प्रवेशाच्या खिडकीत हातात चक्क यादी देतात. नाण्यांचा इतिहास, नकाशांचा, रोगराईचा, समुद्रावरच्या व्यापाराचा, घरकामाचा, तुरुंगांचा, जुने कागद सांभाळायचा एक, कागद खरा की खोटा ते ओळखायचा एक आणि चक्क कपड्यांचाही. (सुईवर तीन आठवडे. तुला सांगावंसं वाटून ओठापर्यंत आलं होतं, ते गिळलं.) अशा दहा नावांपुढे पसंतीचा क्रम लिहायचा होता. मी काय केलं असेन? मी गुण दिले. कपड्यांना दहा, नकाशांना नऊ, आणि सगळ्यांत शेवटी असलेल्या 'नाले, गटारे व सांडपाणी' या विषयाला एक. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म लांब धरून वाचला (त्यांचा जवळचा नंबर वाढला आहे, माझ्या लगेच लक्षात आलं) आणि मला दोनदा विचारलं की बाई, नक्की ना. मी म्हटलं, अगदी विचार करून भरलंय. ते म्हणाले, सतरा वर्षांत ही पहिली पसंती देणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

त्यामुळे पहिलं सत्र मी गटारात काढलं. कुठल्या शहराने आपली घाण कधी झाकली आणि कोणी कोणाच्या दारात सोडली, हे मला आता तोंडपाठ आहे. जेवताना त्याविषयी बोलू नये अशी ह्यांनी हात जोडून विनंती केली. वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं मला काकू म्हणतात, माझ्या वह्या नेतात आणि मागच्या बाकावर निवांत झोपतात. परीक्षेत मी त्या विषयात पहिली आले. आपल्या घराण्यात पहिला नंबर आला तो असा. (तो विषय आम्ही तिघांनीच घेतला होता, आणि त्यांतला एक परीक्षेला आला नाही.)

दुसऱ्या वर्षी फॉर्म नीट भरला आणि पहिली पसंती दिली मौखिक इतिहासाला. म्हणजे कागदांवरून नाही, माणसांना विचारून लिहायचा इतिहास. ओढीने घेतला म्हणू का? खोटं कशाला बोलू, वाचन कमी असेल म्हणून घेतला. नुसत्या गप्पा मारायच्या, आणि गप्पांत आपलं घर कोणाला हार जाणार नाही. शिकवणाऱ्या मॅडम बत्तीस-तेहेतीसच्या असतील. त्या मला ताई म्हणतात आणि दर वेळी मी दचकून मागे बघते, की तू आलीस की काय. त्यांचे नियम तीनच. आधी परवानगी घ्यायची, मग आवाज मुद्रित करायचा आणि शेवटी जसं ऐकलं तसं लिहायचं. खोकला, हुंदका, शांतता, सगळं. शांतता किती सेकंदांची तेही कंसात. विषय दिला: घरातल्या एका माणसाचं शिक्षण.

मी दोनदा विचारलं, बाहेरचा माणूस चालेल का. नाही म्हणाल्या.

गेल्या महिन्यात मी लागोपाठ दोन रविवार तुझ्याकडे आले, आणि आज ही वाट कशी चुकली म्हणून तू मला टोमणा मारलास, ते यासाठी. परवानगी मी घेतली नाही. फोन शिवणाच्या कापडाखाली ठेवला. तू म्हणालीस, तो असा पांघरूण घालून का निजवलायस? मी म्हटलं, तापलाय. तू त्याला पंख्याखाली नेऊन ठेवलंस. पहिल्या रविवारचा ऐवज असा: बावन्न मिनिटं, त्यांतली वीस मशीनची, वीस पंख्याची, आणि बाकीची हल्लीच्या चेनी कशा चार धुण्यांत दात टाकतात याविषयी. दुसऱ्या रविवारी मी धीर केला आणि विचारलं, "ताई, कॉलेजची आठवण येते का गं?" तू तोंडातली टाचणी काढून म्हणालीस, "ही कॉलर धर जरा." मी धरली. पुढे फक्त कात्रीचा आवाज आहे.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि बावीस पानांची मुलाखत लिहिली. प्रश्न माझे आणि उत्तरंही माझी. त्यात तू वर्गात कशी पुढच्या बाकावर बसायचीस, आई अंथरुणाला कशी खिळली, कॉलेज कसं सुटलं, सगळं सांगतेस. बाबांनी सुचवलं होतं ना, की सकाळी सात ते अकरा धाकटीने आईपाशी बसावं म्हणजे मोठीचं कॉलेज बुडणार नाही. पण माझा गणिताचा क्लास नेमका त्याच वेळी होता. तेही घातलं. मग मी विचारते, तुला कधी वाईट वाटलं का? आणि तू म्हणतेस, "(आठ सेकंद शांतता) नाही गं. मला अभ्यासाचा कंटाळाच आला होता. तुझ्यामुळे सुटले बघ."

ताई, तू आयुष्यात आठ सेकंद गप्प बसलेली नाहीस. दाढ काढतानाही त्या डॉक्टरांना सूचना देत होतीस. पण मॅडमना ती शांतता फार आवडली. त्यांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. कायम कानाला हेडफोन असलेली एक मुलगी आहे, तिने तो काढला आणि रडली. वर्ग सुटल्यावर मला मिठी मारून म्हणाली, काकू, तुमची बहीण किती मोठ्या मनाची आहे. मी थँक्यू म्हटलं. दुसऱ्याच्या मनाचं थँक्यू मी घेतलं, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ हात धूत उभी राहिले.

पुढचं ऐक. ही मुलाखत त्यांना कॉलेजच्या संग्रहात कायमची ठेवायची आहे. त्यासाठी मूळ आवाज हवा आणि बोलणाऱ्याची सही. आवाजाचं मी सांगितलं की फोन तापला होता. (त्याला तू साक्षीदार आहेस.) सहीचा कागद सोबत जोडला आहे. जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. वाचू नकोस, बारीक टाइप आहे आणि तू चष्मा लावत नाहीस. सही कर आणि पाठव, एवढं एकदा सांभाळून घे. पुढच्या सत्रात मी निमूटपणे तुरुंगांचा इतिहास घेईन.

टाचेला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचं पत्र शनिवारी लिहिलं आणि पाकीट चार दिवस दुकानाच्या खणात, न्यायला न आलेल्या चष्म्यांबरोबर पडून राहिलं. आता सही करू नकोस. मंगळवारी मॅडमनी मला थांबवून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, बावीस पानांत तुमच्या बहिणीने तुम्हाला एकदाही काही ऐकवलं कसं नाही? पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात कागद पारखायला शिकवताना सांगितलं होतं की कागदामुळे ज्याचं भलं होतं, त्याच्या हाताकडे आधी बघावं. माझ्या हातावर शाई होती. मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बावीस पानं परत दिली, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि म्हणाल्या, "आता खरं विचारून या, ताई." त्या वेळी मी मागे वळून बघितलं नाही.

ता. क. २. गणिताचा क्लास संध्याकाळी पाचला होता. सकाळी मी वही घेऊन मैत्रिणीच्या गच्चीवर जाऊन बसायचे, आणि संध्याकाळी उजळणी म्हणून खऱ्या क्लासला. पूर्ण वर्षभर. अभ्यासासाठी केलं असं म्हणता आलं असतं, पण अभ्यासही नव्हता. मला आईचं भांडं काढायची किळस यायची. तेवढंच कारण आहे. मोठं काही सापडतं का म्हणून इतकी वर्षं शोधलं, सापडलं नाही. आता त्याच सात ते अकराला मी पहाटे पाचचा गजर लावून, धावतपळत, वेळेवर पोचते.

ता. क. ३. हे शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच आहे. एकदा माझी कंपासपेटी घरी राहिली, म्हणून बाबांना आईपाशी बसवून तू क्लासवर द्यायला निघाली होतीस, हे बाबांकडून मागाहून कळलं. मी दुपारी घरी आले तर पेटी माझ्या टेबलावर होती आणि तू आईची चादर बदलत होतीस. तू काहीच बोलली नाहीस. तू. मीही विचारलं नाही. पुस्तकं बांधलीस ती त्याच्या दुसऱ्या दिवशी.

या रविवारी मी येणार आहे. फोन टेबलावर उताणा ठेवीन, तांबडा ठिपका तुला दिसेल असा. प्रश्न एकच आहे: त्या सकाळी तू क्लासपर्यंत पोचली होतीस का? तू नाही म्हणशील, म्हणजे उत्तर द्यायलाच नाही म्हणशील, आणि कॉलर धरायला लावशील. मी धरीन. फक्त नाही म्हणण्याआधी आठ सेकंद थांब. तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी थांब.