नऊ आणि एकमधली जागा

बर्मिंगहॅम, २ मे

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, लगेच 'असू दे रे' म्हणता. हे मात्र शेवटपर्यंत वाचा.

आम्ही बरे आहोत. तुमच्या सूनबाईला, सुनेत्राला, हॉस्पिटलात आता दिवसाची ड्यूटी मिळाली. तुम्ही कुंडीत लावलेली मेथी थंडीनं गेली.

सप्टेंबरात तुम्ही इथे आला होतात तेव्हा एका शनिवारी दुपारी मी तुम्हाला आमच्या नाण्यांच्या क्लबमध्ये नेलं होतं, चर्चच्या हॉलमध्ये. खरं सांगतो, मला न्यायचं नव्हतं. तुम्ही माकडटोपी काढायला तयार नव्हतात आणि मला त्या वर्षी क्लबचा सेक्रेटरी व्हायचं होतं. आमचे अध्यक्ष गॉर्डन, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी आपलं सगळ्यात लाडकं नाणं तुमच्या हातावर ठेवलं. अमेरिकेचा जुना सेंट, एका बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या, दुसरीकडे १९१४ साल आणि त्याखाली बारीकसा D. D म्हणजे डेन्व्हरची टाकसाळ. त्या साली तिथं कमीच सेंट पाडले, म्हणून ते दुर्मिळ. अमेरिकेत राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं, कीथनं, मरण्याआधी ते त्यांना दिलं होतं.

तुम्ही भिंग लावलंत. छत्तीस वर्षं नागपूरच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेत तुम्ही. इंग्रजी बोलता येत नाही, पण दोन अक्षरांत केसभर जागा वाढली तरी तुम्हाला टोचते. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "मिलिंद, नऊ आणि एकमध्ये जागा जास्त आहे. हा एक नाही, चार होता. कोणीतरी घासलाय. त्यांना सांग, पण जपून सांग." बरोबर होतं बाबा. १९४४ चा डेन्व्हरचा सेंट ढिगानं मिळतो. त्यातला पहिला चार घासून त्याचा एक करायचा, की झाला १९१४.

सगळे आपल्याकडे बघत होते. गॉर्डननी विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, इतकं सुंदर नाणं बाबांनी कधी पाहिलं नव्हतं.

मला तुमची लाज वाटली होती. तुमच्या टोपीची, तुमच्या आवाजाची, भर हॉलमध्ये बोट दाखवून बोलण्याची. दुसरं काही कारण नव्हतं.

गॉर्डन हसले, थँक यू म्हणाले, आणि तुम्ही दोन्ही हातांनी त्यांचा हात धरलात. बसमध्ये तुम्ही घरापर्यंत तेच बोलत होतात, "काय मोठ्या मनाचा माणूस! भावाची आठवण खोटी निघाली तरी हसत ऐकून घेतलं. आणि तूही नीट सांगितलंस." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढे तुम्ही बबनकाकांना, विहारातल्या मंडळींना ही गोष्ट सांगत राहिलात. दर वेळी फोनवर ऐकलं आणि दर वेळी गप्प बसलो.

जानेवारीत गॉर्डननी जाहीर केलं की ते नाणं कीथच्या नावानं एका छोट्या म्युझियमला देणार. तेव्हाही मी टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये म्युझियमच्या बाई आल्या. त्यांनी भिंगाखाली पाहिलं आणि सगळ्यांसमोर तीच जागा दाखवली, नऊ आणि एकमधली. शिवाय नाण्यावरच्या छबीच्या खांद्याखाली कोरणाऱ्याची आद्याक्षरं होती, जी १९१४ च्या सेंटवर नसतातच. गॉर्डन नाणं खिशात टाकून निघून गेले, कोटसुद्धा खुर्चीवर राहिला. नंतर ते क्लबला आलेच नाहीत.

गेल्या आठवड्यात तो कोट घेऊन मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांचे शब्द त्यांच्याच भाषेत म्हण." मी ते म्हणून दाखवले. त्यांनी विचारलं, "पण मग त्यांनी माझा हात का धरला होता?" तुम्ही बसमध्ये काय म्हणालात, तेही मी सांगितलं. ते मग म्हणाले, "त्यांना वाटलं मी तसा माणूस आहे. कदाचित झालोही असतो. तू मला ती संधीच दिली नाहीस."

बाबा, गॉर्डनना तुमच्याशी बोलायचं आहे. सतरा मेच्या रविवारी ते आमच्या घरी येतील. तुमच्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. व्हिडिओवर तुम्हाला आणखी काही नाणी दाखवायची आहेत म्हणाले. दुभाष्या मात्र दुसरा हवा, एवढीच त्यांची अट आहे, म्हणून मध्ये सुनेत्रा बसेल. त्यांच्या तोंडून कळण्याआधी हे तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नका बोलू. पण रविवारी फोन उचला.

तुमचाच,
मिलिंद