घरातून घरी

१४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघे काय म्हणतात? नवा चष्मा नाकावर बसला की अजून घसरतोच? मी ठीक आहे. जेवते, झोपते. तू विचारायच्या आत सांगून टाकलं.

पत्र हाताने लिहिते आहे, कारण लॅपटॉप उघडला की काम समोर येतं. लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबेल की नाही, हे तिच्या प्रोग्राममध्ये तपासणं हे माझं काम, तेही घरूनच. ते मला जमतं. संध्याकाळी स्वतः थांबणं जमत नाही. लॅपटॉप मिटला तरी वाटतं, कुणाचं तरी काही अडलंय आणि मी कामचुकारासारखी सोफ्यावर बसले आहे. मग पुन्हा उघडते. कुणी सांगितलेलं नसतं. उलट आमचे साहेबच परवा म्हणाले, "अहो, तुम्ही झोपता कधी?"

अशा वेळी तुझं ते टेबल आठवतं. बाहेरच्या खोलीत, खिडकीला लावलेलं. मी त्याच्या खाली अभ्यास करायचे आणि वर तुझं पेन ट्रेसिंग पेपरवर करकरत असायचं. बिल्डरांचे नकाशे काढायचीस. संध्याकाळ झाली की शाईची बाटली बंद, नकाशावर जुनी चादर. मग केस सारखे करून, पर्स खांद्याला लावून, पायात चपला घालून चक्क बाहेर पडायचीस. बिल्डिंगला एक फेरी मारून यायचीस आणि आपल्याच दाराची बेल वाजवायचीस.

दार उघडायचं काम माझं.

"आलीस?"

"आले गं बाई. चहा टाक."

खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून हसायच्या. "काय हो, घरातून घरीच निघालात?"

"मग काय! साहेब सोडायलाच तयार नव्हते."

आणि तो घामाघूम झालेला इंजिनियर आठवतो? तू नुकतीच 'घरी' आली होतीस. तो जिन्यातच नकाशा उलगडून म्हणाला, "बाई, एवढा एक जिना आत्ताच्या आत्ता सरकवून द्या."

"नकाशावाल्या बाई गेल्या घरी. सकाळी येतील."

"अहो, मग तुम्ही कोण?"

"मी हिची आत्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघितलं, मीच पुरावा असल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निमूटपणे आला आणि तू जिना सरकवून दिलास. त्या रात्री आपण पत्ते खेळलो. तू लबाडी केलीस.

गेल्या आठवड्यात मी तुझी युक्ती करून पाहिली. लॅपटॉपवर टॉवेल टाकला, बूट घातले, चौकातल्या औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आले. वाटेत खरंच हलकं वाटलं. दाराशी आले आणि सवय असल्यासारखी बेल दाबली. बेल छान वाजते. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येईल म्हणून थांबले. मग किल्ली काढली.

म्हणजे युक्तीत चूक नव्हती, एक भाग कमी होता.

तू फोनवर जावयाची चौकशी करतेस आणि मी म्हणते, बाहेर गेलाय. ते खोटं नाही. दिवाळखोरी नाही, भांडण नाही, दुसरं कुणी नाही. आमचं जमेना, एवढंच. हिवाळ्याच्या सुरुवातीला तो त्याची पुस्तकं आणि टेबललॅम्प घेऊन गेला. तो परत येणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू माझा आवाज ऐकला असतास, म्हणून लिहिलं.

अपराधी वाटतं ते ऑफिसमुळे, असं मी धरून चालले होते. तपासून पाहिलं, तसं नाही. तू चादर टाकलीस की तू माझी आत्या व्हायचीस. मी टॉवेल टाकल्यावर कुणाची कोण, ते मला सांगता येत नाही. म्हणून टॉवेल काढते.

महिनाभर येऊन राहते, असं तू दोनदा म्हणालीस. मी दोन्ही वेळा कामाचं सांगितलं. आता ये. महिनाच असं काही नाही. इथे लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही. ती मजल्याशी नीट थांबते, मी पाहिलं आहे. खिडकीजवळची खुर्ची तुझी. दिवसभर मी तुझ्याशी बोलणार नाही, ते ऑफिस आहे. संध्याकाळी बाहेर पडेन, एक फेरी मारून येईन आणि बेल वाजवेन. गुडघे दुखत असतील तर सावकाश ऊठ. मी दाराशी उभी राहीन.

काम संपल्यावर फक्त तुझीच,
भाची