कोलशेतची शिरगणती

९ फेब्रुवारी १९९१, शनिवार
जनगणनेची ड्यूटी लागली. शाळेतले बाकीचे मास्तर इथेच नौपाड्यात मोजणार, मला कोलशेतचा कोळीवाडा. हेडमास्तरांचा माझ्यावर विश्वास, दुसरं काय! ट्रेनिंगला गेलो नव्हतो. माणसं मोजायला ट्रेनिंग कसलं? चार दिवसांत संपवणार. वर ‘कोलशेतचे समाजजीवन’ असा रिपोर्ट लिहून थेट कलेक्टरांना देणार.

११ फेब्रुवारी
शी! रिक्षातून उतरताच सुकटीचा भपकारा. डोक्यावर वाळत घातलेले बोंबील, पायाखाली चिखल, चिखलात कुत्री. नाकाला रुमाल बांधून पहिल्या घरी गेलो. गोदूबाई नावाची म्हातारी. घरात माणसं किती, विचारलं. म्हणाली, "आदी नाकावरचा फडका सोड, मंग सांगते." सोडला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. तिनेही सांगितलं नाही. आजची गणना शून्य, पण निरीक्षण भरपूर.

१३ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
सगळ्या दारांना कड्या. पुरुष होड्या घेऊन खाडीत, बायका टोपल्या घेऊन बाजारात. धाकू म्हणून एक म्हातारा भेटला. पहाटे या, सगळे सापडतील, म्हणाला. पहाटे मी प्राणायाम करतो. म्हणजे करणार आहे. रिपोर्टात घालायचं: लोक असहकारी. एक चप्पल चिखलाने गिळली. किळस!

१७ फेब्रुवारी, रविवार
फत्ते! गोदूबाईच्या नातवाची हळद. अख्खं गाव एका मांडवात. दाराशी टेबल-खुर्ची रिकामी होती. बसलो, रजिस्टर उघडलं. लोक आपणहून रांगेत! कोणी बाळकुम, कोणी काल्हेर असं गावही सांगत होते. ‘ते नको, फक्त नाव,’ असं दरडावलं. वयं अंदाजाने घातली. एकाने पातेलं पुढे केलं, एकीने लुगडं. लाच! बाणेदारपणे परत केलं. एकूण ३१२. बायकोला, सरस्वतीला म्हटलं, कलेक्टर बोलावतील, नवा शर्ट लागेल. ती म्हणाली, आधी हा धुवायला टाका, मासळीचा वास येतोय.

२१ फेब्रुवारी
सुपरवायझर उत्तमराव आकडा बघून म्हणाले, एवढी माणसं तिथे राहतच नाहीत. मला घेऊन कोळीवाड्यात गेले. मी दिसताच गोदूबाई कडाडली. ते टेबल म्हणे आहेर लिहायला मांडलेलं! लिहिणारा पान खायला गेला आणि मी बसलो. बाळकुमहून आलेला तिचा भाऊ काळुराम न जेवता निघून गेला. "माज्या भावाचा आहेर फिरवलास, भर मांडवात!" म्हणाली आणि रडायलाच लागली. मी नजर वळवली. तिकडे बोंबील.

२४ फेब्रुवारी
उत्तमरावांनी हाताला धरून बाळकुमला नेलं. काळुराम ओट्यावर जाळं विणत बसलेला. माफी मागितली. त्याने जाळ्याची एक गाठ आवळली. मग म्हणाला, "नाव लिवलंस नि ‘पुढचा!’ वरडलास. बहिनीच्या दारात." शेवटी उठला, तेच परत केलेलं पातेलं माझ्या हातात दिलं आणि बरोबर आला. भर उन्हात पातेलं घेऊन मी अख्ख्या कोळीवाड्यातून. गोदूबाईने भावाला जेवायला बसवलं. मला पाणी दिलं. प्यायलो.

२७ फेब्रुवारी
नवी गणना गोदूबाईची नात मालन हिने केली. बालवाडीत शिकवते. दीड दिवस लागला. १८६ माणसं, त्यांतली एकोणीस कंपनीत कामाला बाहेरून आलेली भाडेकरू. मी तिच्या मागून फिरलो. ‘मार्गदर्शन’ असं नोंदवायला हरकत नाही. फॉर्म तिने भरले, अक्षर तिचं. सही मात्र नियमाप्रमाणे माझीच.
पहिली सही चुकीच्या रकान्यात झाली. मग मालनने प्रत्येक फॉर्मवर सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून दिली.