एका शेळीचा गोतावळा

१९ जानेवारी
उठल्या उठल्या, चहाच्या आधी, माझ्या पेपरची साइटेशन बघितली, किती जणांनी त्याचा आधार घेतला ते. एकशे चौदा. कालच्यापेक्षा एक जास्त. हे म्हणाले, "लोक सकाळी देवाचं नाव घेतात." घेऊ देत. बाकीच्या सगळ्या पेपरांना मिळून कुणी विचारत नाही. शेळ्यांचा पेपर एकटा कमावता, बाकी सगळे बसून खाणारे.
९ फेब्रु.ला बढतीची मुलाखत. फाइलमध्ये तोच सगळ्यात वर लावला.

२१ जानेवारी
सुप्रिया नावाच्या मुलीची मेल. ओळख ना पाळख. दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी. करते, माझ्या पेपरवर सगळं काम उभं केलंय. मी लिहिलं होतं, धारूरच्या डोंगरातल्या शेळ्यांत जुळी पिल्लं देणारं जनुक भरपूर आहे. तिला त्याच डोंगरात ते क्वचित कुठं सापडतंय. तिचे सर म्हणतात, तुझं लॅबचं काम कच्चं. सगळं तिसऱ्यांदा करतेय. 'मॅडम, माझं काय चुकतंय?'
आधी राग आला. मग वाटलं, असेल कच्चं. पण शेवटची ओळ डोक्यातून जाईना. 'तुम्ही शेळ्या कशा निवडल्या होत्या?'

२२ जानेवारी
कॉलेजात जाऊन जुने फॉर्म काढले. 'शेळ्या एकमेकींच्या नात्यात नाहीत.' समोर बरोबरची खूण. माझीच. सगळ्या फॉर्मांवर सारखी, एका दमात मारलेली. कळप राखणाऱ्या तुळशीराममामांना विचारलं होतं का? आठवत नाही. ऊन आठवतं. आणि हॉर्न वाजवणारा जीपवाला.
एकच जनुक तपासलं होतं. नातं असतं तरी त्यात दिसलं नसतं.
सुप्रियाला लिहिलं, बघून कळवते.

२५ जानेवारी, रविवार
केजहून जीपनं धारूर, पुढं चालत. तुळशीराममामांनी लांबूनच ओळखलं. "लई दिसानं, मॅडम! सुई आणली का पुन्ना?" त्या वेळचे नमुने त्यांच्याच कळपातले. गयामामींनी चहा टाकला.
गप्पांत सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा कोणत्या शेळ्या धरून दिल्या होत्या?
"हिच्या," मामा म्हणाले. म्हणजे गयामामींच्या. लग्नात बापानं त्यांना एक शेळी दिली होती. तिच्या लेकी, नाती, पणत्या, सगळा तो गोतावळा मामींच्या नावचा. अख्खं गाव पाळतं हे, त्यातली शेळी मामासुद्धा मामींना न विचारता विकत नाहीत.
"आणि बाकीचा कळप?" मी विचारलं.
"त्यो कुटं आमचा? अर्धलीनं हाय. शेळ्या लोकाच्या, राखायच्या आमी, पिल्लं निम्मी निम्मी. लोकाच्या शेळीला इचारल्याबिगर सुई टोचू द्यावी का?"
मामी म्हणाल्या, "माजी शेळी पैल्यापासून जुळीच द्यायची. लेकीबी तशाच." कौतुकानं म्हणाल्या.
म्हणजे मी डोंगर तपासला नाही. एक आई आणि तिच्या लेकीबाळी तपासल्या. कप खाली ठेवला. तेव्हा का नाही सांगितलंत, असं तोंडावर आलं. तेवढ्यात मामाच म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई. कावून? काय बिगडलं का?"
मी 'काही नाही' म्हणाले. सपशेल खोटं.

२६ जानेवारी
झेंडावंदन. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझा पेपर काढला. आपल्या मातीतलं संशोधन जगात गेलं वगैरे. टाळ्या. मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

३० जानेवारी
सरांना फोन. माझे गाइड, आता निवृत्त. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चूक आहे, चोरी नाही. दुरुस्तीचं पत्र पाठव. पण मुलाखत होऊ दे आधी. दहा दिवसांत कुणाचं काय बिघडतंय?"
बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.
संपादकांना पत्र लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलं. साइटेशन एकशे पंधरा. प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी माझी ती खूण खरी धरून बसलंय. हे आधी कधी डोक्यातच आलं नव्हतं.

३ फेब्रुवारी
सुप्रियाची मेल पुन्हा. तिच्या सरांनी लॅबची किल्ली काढून घेतली. घरचे म्हणतात, परत ये, पुरे झालं शिक्षण. 'मॅडम, बघून कळवते म्हणाला होतात.'
म्हणजे दहा दिवसांत बिघडतंय.
उत्तर लिहिलं, खोडलं. लिहिलं. वर्गात मेंडेल शिकवताना फळ्यावर वाटाण्यांचं तीनास एक उलटं, एकास तीन लिहिलं. पोरं हसली. मी एकीवर उगाच खेकसले.

५ फेब्रु.
ह्यांना सांगितलं शेवटी. म्हणाले, "पत्र पाठवलंस तर मुलाखतीत काय दाखवशील?" चिडून नाही, खरंच विचारत होते. पंधरा वर्षांत दाखवण्यासारखं तेवढंच.

७ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी मामांचा फोन. म्हणाले, "त्या दिशी तुमचं तोंड उतरल्यालं हिनं बगितलं. मला म्हन्ली, आपल्याच शेळ्या दिल्या म्हनून मॅडमचं काम बिगडलं आसंल." चार दिवस वाड्या-वस्त्या फिरून त्यांनी ज्याच्या त्याच्या शेळीसाठी ज्याला त्याला विचारलं. "समदे हो म्हन्ले. उद्या या, समद्यांचं रगत घ्या."
मी फोनवर रडले. त्यांना वाटलं रेंज गेली. "हॅलो, हॅलो" करत राहिले.
येते म्हणाले. नळ्या, सुया, बर्फाचा डबा भरून ठेवला. त्याचे निकाल यायला महिना. मुलाखत परवा. पत्र ड्राफ्टमध्येच.
संध्याकाळी सुप्रियाला एवढंच पाठवलं: 'तुझं काम कच्चं नाही. चूक माझ्या नमुन्यांत आहे.'
मिनिटभरात उत्तर.
'मॅडम, हे आत्ता सरांना दाखवू का?'
मोबाईल पालथा घालून ठेवलाय. अजून दोनदा वाजला.